रिंगणातून पडद्यावर: बॉक्सर-चरित्र अभिनेत्याचं आयुष्य लिहायला घ्याल तेव्हा

जुन्या अमेरिकी चित्रपटांत टोळीप्रमुखाच्या मागे उभा असलेला एक माणूस हमखास दिसतो. कान चुरगळलेला, नाक एका बाजूला गेलेलं, खांदे दारात न मावणारे. दोन वाक्यं बोलतो, एक ठोसा खातो आणि निघून जातो. तो पुष्कळदा खराखुरा बॉक्सर असतो. त्याच्यावर लिहायचं ठरवलंत की पहिल्याच दिवशी दोन याद्या हाती लागतात, लढतींची आणि चित्रपटांची. दोन्ही नीटनेटक्या, दोन्ही अर्धवट. पहिली मॅनेजरने तिकिटं खपवण्यासाठी फुगवलेली असते, दुसरी स्टुडिओच्या प्रसिद्धी खात्याने. यातली कुठलीही एक यादी समोर ठेवून लेख लिहिला की तो त्या माणसाच्या जाहिरातीचा मराठी अनुवाद होतो.

उपाय कष्टाचा आहे पण अवघड नाही. दोन्ही याद्या एकाच तारीखवार तक्त्यात ओवायच्या आणि एका यादीची साक्ष दुसरीकडून काढायची.

तक्ता

लेखाचं पहिलं वाक्य लिहिण्याआधी तक्ता तयार हवा. त्यात नऊ रकाने पुरतात: तारीख, गाव, घटना (लढत, चित्रीकरण, प्रदर्शन, लग्न, भरती, काहीही), समोरचा माणूस किंवा दिग्दर्शक, वजन, ठरलेल्या फेऱ्या, झालेल्या फेऱ्या, निकाल किंवा भूमिका, आणि पुरावा. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्यात नुसतं वर्तमानपत्राचं नाव लिहू नका, अंकाची तारीख आणि पानही लिहा. शिवाय प्रत्येक पुराव्याला दर्जा द्या. 'क' म्हणजे घटनेच्या एक-दोन दिवसांतली बातमी किंवा सरकारी कागद, 'ख' म्हणजे नंतर संकलित झालेली नोंदवही, 'ग' म्हणजे मुलाखत, प्रसिद्धीपत्रक, आठवणी. 'ग' दर्जाची ओळ एकटी असेल तर ती 'तो सांगत असे' अशाच शब्दांत लेखात जाईल. विधान म्हणून जाणार नाही.

तारखेच्या रकान्यात पहिली चूक होते. सकाळच्या अंकात आलेली लढत आदल्या रात्रीची असते, संध्याकाळच्या अंकातलीही बहुधा आदल्याच रात्रीची. साप्ताहिकात तर आठवडा उलटलेला असू शकतो. समुद्र ओलांडला की आणखी घोळ. जॅक जॉन्सनने टॉमी बर्न्सकडून जगज्जेतेपद जिंकलं ते सिडनीत, २६ डिसेंबर १९०८ रोजी दिवसाउजेडी. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा २५ तारखेची रात्र होती. जिथे लढत झाली तिथली तारीख, हा एकच नियम धरा.

तक्त्याचा उपयोग किती होतो ते मॅक्स बेअरच्या बाबतीत दिसतं. 'हेवीवेट विजेता झाला आणि मग चित्रपटात गेला' हे वाक्य सहज लिहिलं जातं. तारखा मांडल्या की ते उलटं पडतं. 'द प्राइझफायटर अँड द लेडी' हा चित्रपट नोव्हेंबर १९३३ मध्ये लागला. त्यात बेअरचा पडद्यावरचा प्रतिस्पर्धी होता प्रिमो कार्नेरा, आणि कार्नेरा त्या वेळी खरोखर जगज्जेता होता. बेअरने त्याला रिंगणात हरवलं ते १४ जून १९३४ रोजी, अकराव्या फेरीत. म्हणजे पडद्यावरची लढत आधी, खरी सात महिन्यांनी. पुढच्या वर्षी, १३ जून १९३५ रोजी, जेम्स ब्रॅडॉकने पंधरा फेऱ्यांत गुणांवर ते पद काढूनही घेतलं. हा क्रम कळला की लेखाची दिशाच बदलते.

माणूस एक, नावं चार

बॉक्सर क्वचितच जन्मनावाने लढायचे. घरच्यांपासून लपायचं असायचं, गावातल्या आयरिश प्रेक्षकांना आयरिश नाव हवं असायचं, किंवा निवेदकाला नाव उच्चारता यायचं नाही. व्हिन्सेंट मॉरिस शीर हा ज्यू मुलगा 'मशी कॅलहन' या नावाने ज्युनिअर वेल्टरवेट या वजनी गटाचा विजेता झाला आणि पुढे हॉलिवूडमध्ये नटांना ठोसे शिकवू लागला. लायनेल कॅनेगाटाचं 'कॅनडा ली' झालं. निवेदकाने कार्ड चुकीचं वाचलं, अशी कथा सांगितली जाते आणि ती सांगायला हरकत नाही, फक्त 'सांगितली जाते' हे शब्द ठेवा. जपानचा गट्स इशिमात्सु, जो १९७४ ते १९७६ वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलचा (डब्ल्यूबीसी) लाइटवेट विजेता होता आणि नंतर नट म्हणून घराघरात पोचला, त्याचं खरं नाव युजी सुझुकी.

म्हणून शोध सुरू करण्याआधी नावांची यादी करा: जन्मनाव, रिंगणातली सगळी नावं, पडद्यावरचं नाव, टोपणनाव, आणि या प्रत्येकाच्या चुकीच्या स्पेलिंगचे चार-पाच प्रकार. ही एकच जागा अशी की तुमच्या टिपणवहीत रोमन लिपी अटळ आहे. लेख मराठीत असला तरी शोध मूळ स्पेलिंगनेच लागतो.

उलटा धोकाही असतो, दोन माणसं एकाच नावाखाली चिकटतात. 'किड अमुक' आणि 'यंग तमुक' या नावांनी एकाच काळात तीन-तीन बॉक्सर फिरत होते. ओळखायचं वजनावरून. मार्चमध्ये ११८ पौंडांचा असलेला माणूस मे महिन्यात १६० पौंडांचा झाला असेल तर ते दोघे आहेत. एकाच रात्री दोन गावांत लढला असेल तर त्या काळचं रेल्वे अंतर बघा, उत्तर मिळतं. भावंडं हा आणखी एक सापळा. बॉक्सिंगमधून नट झालेल्या व्हिक्टर मॅक्लॅग्लेनचे अनेक भाऊ पडद्यावर आले. बातमीत नुसतं 'मॅक्लॅग्लेन' असेल तर पहिल्या नावाचा पुरावा मिळेपर्यंत ती ओळ तक्त्यात प्रश्नचिन्हासहच ठेवा.

निकालाचा रकाना

सगळ्यात जास्त लेख इथे घसरतात, म्हणून इथे जरा थांबू.

न्यूयॉर्क राज्यात १९११ ते १९१७ 'फ्रॉली कायदा' होता. दहा फेऱ्यांची लढत चालायची, पण शेवटी कुणालाही विजयी जाहीर करायची मुभा नव्हती. समोरचा बाद झाला तर निकाल, नाहीतर 'नो डिसिजन'. १९२० च्या वॉकर कायद्याने गुणांवर निकाल परत आला. पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी अशा ठिकाणीही निकालाविना लढतींची पद्धत होती. पैज लावणाऱ्यांना तर कुणीतरी जिंकलेलं हवंच असायचं, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात बातमीदार जो म्हणेल तो जिंकला असं धरलं जाई. हाच 'वर्तमानपत्री निकाल'.

आता फ्रँक मोरन घ्या. उंचापुरा, सोनेरी केसांचा हेवीवेट. २५ मार्च १९१६ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो जगज्जेत्या जेस विलर्डशी दहा फेऱ्या लढला. बातमीदारांनी विलर्डला उजवं ठरवलं, पण अधिकृत निकाल नाही. पद हिसकायला मोरनला नॉकआऊटच करावा लागला असता. 'मोरन विलर्डकडून पराभूत' असं लिहिलंत तर चूक, 'बरोबरी' लिहिलंत तर त्याहून मोठी चूक. 'दहा फेऱ्या, निकाल नाही, वर्तमानपत्रांचा कौल विलर्डला' हे बरोबर. त्याच मोरनची १९१४ ची जॉन्सनविरुद्धची लढत मात्र पॅरिसमध्ये, वीस फेऱ्यांची, गुणांवर निकाल लागलेली. ती २७ जूनला झाली आणि दुसऱ्या दिवशी सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूकचा, म्हणजे युवराजाचा, खून झाला, ज्यातून पहिलं महायुद्ध पेटलं. त्यानंतरच्या पानांवर बॉक्सिंगच्या बातमीला जागा उरली नाही, म्हणून या लढतीचं वर्णन शोधायचं तर २८ जूनचाच अंक गाठा. पंचवीस-तीस वर्षांनी हाच मोरन दिग्दर्शक प्रेस्टन स्टर्जेसच्या चित्रपटांत छोट्या-छोट्या भूमिकांत पुन्हा पुन्हा दिसतो.

वर्तमानपत्री निकाल नोंदवताना किमान तीन अंक बघा: एका बॉक्सरच्या गावचा, दुसऱ्याच्या गावचा आणि वृत्तसंस्थेची तार छापणारा तिसऱ्या गावचा. पहिले दोन एकमेकांच्या विरुद्ध असतील तर नवल नाही, ते आपापल्या वाचकांसाठी लिहीत होते.

कॅलिफोर्नियाचा नियम वेगळाच. १९१४ च्या मतदानानंतर तिथे फक्त चार फेऱ्यांच्या लढतींना परवानगी उरली आणि ते बंधन १९२४ च्या मतदानाने उठलं. हॉलिवूडच्या आसपास वाढलेल्या बॉक्सरच्या नावावर या दशकातल्या ५० लढती असतील तर त्या जास्तीत जास्त २०० फेऱ्या होतात. पूर्वेकडच्या एखाद्याच्या वीस फेऱ्यांच्या दहा लढतींइतक्याच. लढतींची संख्या शेजारी ठेवून तुलना करू नका, फेऱ्या मोजा.

प्रदर्शनीय लढत, म्हणजे हार-जीत न ठरवता लोकांना दाखवण्यापुरती केलेली लढत, हा प्रसिद्धी खात्याचा लाडका प्रकार. मॅक्लॅग्लेन १० मार्च १९०९ रोजी व्हँकुव्हरमध्ये जॉन्सनसमोर उभा राहिला होता, हे खरं. पण ती सहा फेऱ्यांची, निकाल नसलेली प्रदर्शनीय लढत होती. 'जगज्जेतेपदासाठी लढला' असं तिचं रूपांतर कित्येक लेखांत झालेलं दिसतं. नंतर १९३५ च्या 'द इन्फॉर्मर'साठी त्याला प्रमुख अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. तेवढ्याने त्या सहा फेऱ्यांचं वजन वाढत नाही. चार पायऱ्या वेगळ्या ठेवा: सरावातला जोडीदार, प्रदर्शनीय लढत, पदासाठी नसलेली लढत, पदाची लढत.

अमेरिकी नट जॅक पॅलन्सचं प्रकरण याहून बोलकं आहे. तो 'जॅक ब्राझो' नावाने सलग पंधरा लढती जिंकला, त्यातल्या बारा नॉकआऊटने, असं वर्षानुवर्षं छापलं गेलं. कागदावर सापडते ती एक व्यावसायिक लढत: डिसेंबर १९४०, जो बाक्सीविरुद्ध, चार फेऱ्या, गुणांवर हार. इथे लेखकाने सरळ दोन्ही गोष्टी शेजारी लिहाव्यात. 'खोटारडा' म्हणायची गरज नाही. छोट्या गावांतल्या सुरुवातीच्या लढती छापल्याच जात नसत, त्यामुळे सापडली नाही म्हणजे झालीच नाही असंही म्हणता येत नाही. पण पंधरा हा आकडा विधान म्हणून द्यायचा नाही.

'जगज्जेता' या शब्दालाही शेपूट जोडा. फ्रेडी स्टील १९३६ ते १९३८ मिडलवेट विजेता होता तो नॅशनल बॉक्सिंग असोसिएशन आणि न्यूयॉर्क आयोगाच्या मान्यतेने. (या असोसिएशनचं लघुरूप एनबीए. वाचक बास्केटबॉल समजेल, पूर्ण नाव लिहा. १९६२ पासून तीच वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन, म्हणजे डब्ल्यूबीए.) २६ जुलै १९३८ ला सिएटलमध्ये अल होस्टाकने त्याला पहिल्याच फेरीत झोपवलं. त्याच्या लक्षात राहिलेल्या पडद्यावरच्या भूमिका १९४४-४५ च्या आहेत. अशा मधल्या वर्षांकडे आपण पुढे येऊ.

शोध कुठे, कसा

लढतींसाठी सुरुवात बॉक्सरेक या लढतींच्या ऑनलाइन नोंदवहीपासून करायला हरकत नाही, पण ती सुरुवातच. ती नोंद 'ख' दर्जाची धरा आणि प्रत्येक महत्त्वाच्या लढतीसाठी त्या दिवशीचा अंक काढा. अमेरिकी वर्तमानपत्रांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचं 'क्रॉनिकलिंग अमेरिका', कॅलिफोर्नियासाठी तिथला स्वतंत्र डिजिटल वृत्तपत्र संग्रह, ऑस्ट्रेलियासाठी 'ट्रोव्ह', न्यूझीलंडसाठी 'पेपर्स पास्ट', फ्रान्ससाठी 'गॅलिका' मोफत आहेत.

यंत्राने वाचलेल्या जुन्या छपाईत नाव हमखास बिघडतं. तुमच्या माणसाच्या नावाने काही मिळालं नाही तर प्रतिस्पर्ध्याचं नाव, सभागृहाचं नाव आणि 'राउंड्स' हा शब्द एकत्र टाका. तेही नाही जमलं तर तारीख धरून क्रीडापान हाताने उलगडा आणि बातमीचा शेवटचा परिच्छेद वाचा. मुख्य लढतीआधीच्या किरकोळ लढती तिथे एका ओळीत कोंबलेल्या असतात आणि भावी चरित्र अभिनेते बहुतेक त्याच ओळीत सापडतात.

हॉलिवूडमध्ये शिरकाव कसा झाला हे शोधायचं तर तिथल्या लीजन स्टेडियम या बॉक्सिंगच्या सभागृहातल्या शुक्रवार रात्रीच्या लढतींच्या बातम्या वाचा. चित्रपटवाले पहिल्या रांगेत बसायचे आणि कोण आलं होतं हे गप्पांच्या सदरात छापून यायचं.

चित्रपटांसाठी अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटची सूची सगळ्यात सावध, कारण तिच्यात टिपा असतात. व्यवसायाची जुनी साप्ताहिकं मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररीत शब्दवार शोधता येतात. तिथली बोली मात्र समजून घ्या. 'हेवी' म्हणजे तिथे वजनी गट नव्हे, खलनायक. 'पग' म्हणजे बॉक्सरची भूमिका. 'बिट' म्हणजे दोन-चार वाक्यांची भूमिका, 'अॅटमॉस्फिअर' म्हणजे गर्दीतला एक्स्ट्रा. 'हेवी म्हणून सही केली' हे वाचून तो हेवीवेट होता असं लिहिणारे भेटतात.

श्रेयनामावलीचं गणित वेगळं. चित्रपटाच्या शेवटी सगळ्यांची लांबलचक नावं देण्याची रीत १९७० च्या दशकात रुळली. त्याआधी सुरुवातीलाच दहा-बारा नावं यायची, बाकीचे निनावी. त्यामुळे जुन्या चरित्र अभिनेत्याच्या यादीत निम्म्याहून जास्त ओळी 'श्रेय नाही' अशा असल्या तर तो अपमान समजू नका, तो त्या काळचा रिवाज होता. पण नेमकी इथेच भर घालायची सोय असते. श्रेय नसलेली भूमिका कुणी कशावरून लावली ते विचारा. स्टुडिओचा कागद, परीक्षण की निव्वळ एखाद्या प्रेक्षकाची नजर? नजर असेल तर तुम्ही स्वतः बघितल्याशिवाय ती ओळ घेऊ नका.

पडद्यावर माणूस ओळखणं

चित्रपट दोनदा बघा. पहिल्यांदा नुसता, दुसऱ्यांदा घड्याळ लावून. माणूस दिसला की तास-मिनिट-सेकंद टिपा, बोललेली वाक्यं मोजा, अंगावर काय होतं ते लिहा. 'छोटी पण लक्षणीय भूमिका' असल्या शब्दांपेक्षा 'तीन दृश्यं, मिळून चार मिनिटं, सहा वाक्यं' हे वाचकाला जास्त सांगतं.

ओळख पटवताना चेहऱ्यापेक्षा कान बघा. चुरगळलेला कान, ज्याला बॉक्सर लोक फुलकोबी म्हणतात, वर्षानुवर्षं तसाच राहतो. कोणता कान, वरची कड मोडली आहे की मधला भाग भरला आहे, पाळी सुटी आहे की चिकटलेली, हे रिंगणातल्या फोटोशी ताडा. नाकावर भिस्त ठेवू नका, ते पुन्हा मोडतं, शस्त्रक्रियेने सरळ होतं. रंगभूषाकार मेणाने खोटा कानही करतात, म्हणून कमीत कमी दोन वेगळ्या चित्रपटांत तोच कान दिसायला हवा.

फोटो उलटा छापलेला असू शकतो, आणि मग डावा कान उजवा होतो. पाटीवरची अक्षरं बघा. अक्षरं नसतील तर कोटाची बटणं बघा. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर असते. उलटी दिसली तर फोटो उलटा. हा एक तपास न केल्यामुळे उजव्या हाताचे बॉक्सर डावखुरे ठरलेले आहेत.

मूकपटातल्या ठोशांच्या वेगावर मत देऊ नका. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवत आणि दाखवताना वेग बदलत असे. माणसं धावत सुटल्यासारखी दिसतात ती यंत्रामुळे.

शरीर ओळखलं म्हणजे आवाजही त्याचाच असं नाही. जर्मन बॉक्सर नॉर्बर्ट ग्रूप, पडद्यावरचं नाव विल्हेल्म फॉन होम्बुर्ग, १९८९ च्या 'घोस्टबस्टर्स २' मध्ये चित्रातल्या क्रूर राजाच्या रूपात दिसतो. ऐकू येतो तो मॅक्स फॉन सिडोचा आवाज.

अभिनयाबद्दल काय लिहावं

'खरा बॉक्सर असल्याने मारामारी अस्सल वाटते' हे वाक्य आधी खोडा. ते पुष्कळदा खोटं असतं. रिंगणातला चांगला ठोसा आखूड असतो. खांद्यातून निघतो, आधी काही सांगत नाही, लगेच परत येतो. कॅमेऱ्याला तो दिसतच नाही. पडद्यावरचा ठोसा लांबून, गोल, आधी इशारा देऊन आणि समोरच्याच्या हनुवटीपासून वीतभर अंतरावरून जातो. कॅमेरा एकाच्या पाठीमागे ठेवला की ते अंतर लपतं. म्हणजे बॉक्सरला हातात मुरलेली सवय मोडावी लागते. पहिल्या काही चित्रपटांत तो ठोसा आवरताना मधेच अडखळतो किंवा मारताना सवयीने हनुवटी छातीशी दाबतो. बघताना हेच शोधा आणि कोणत्या चित्रपटापासून ते थांबलं ते नोंदवा. शिकण्याचा खरा आलेख तिथे मिळतो.

रिंगणातून येणारा खरा फायदा मारामारीत नसून गप्प उभं राहण्यात असतो. समोरचा माणूस किती दूर आहे हे या लोकांना न बघता कळतं, त्यामुळे ते दृश्यात योग्य अंतरावर थांबतात आणि उगाच हात हलवत नाहीत. बोलणाऱ्याच्या डोळ्यांऐवजी छातीकडे बघण्याची सवयही अनेकांत दिसते, आणि पडद्यावर ती नजर भीती घालते. दिग्दर्शकांनी या लोकांना दारात, भिंतीशी, खुर्चीमागे का उभं केलं ते यावरून समजतं. १९५४ च्या 'ऑन द वॉटरफ्रंट'मध्ये टोनी गॅलेंटो, टॅमी मॉरिएलो आणि एब सायमन असे तीन माजी हेवीवेट गोदीतल्या गुंडांच्या भूमिकांत आहेत आणि तिघेही खऱ्या आयुष्यात हेवीवेट जगज्जेता जो लुई याच्यासमोर उभे राहिलेले. त्यांना बघताना हात नका बघू, पाय बघा.

भूमिकांचा साचाही मोजून दाखवा. तक्त्यातल्या भूमिकांवर एकेक शब्द टाका: अंगरक्षक, दारवान, गुंड, प्रशिक्षक, बॉक्सर, सैनिक, इतर. 'इतर'मध्ये किती येतात आणि कोणत्या वर्षापासून, यावरून तो साच्यातून सुटला की नाही ते कळतं. कॅनडा लीच्या बाबतीत तर वेगळा विचार करावा लागेल. १९३३ च्या सुमारास डोळ्याच्या दुखापतीने त्याचं बॉक्सिंग संपलं, रंगभूमीने त्याला घडवलं आणि १९४१ मध्ये ऑर्सन वेल्सच्या दिग्दर्शनाखाली तो मुख्य भूमिकेत उभा राहिला. त्याला 'बॉक्सरचा नट झाला' या एका ओळीत बसवणं अन्याय आहे.

मधली वर्षं आणि पैसा

तक्त्यात शेवटची लढत आणि पहिली नोंदलेली भूमिका यांच्यामध्ये रिकामी जागा असते. कधी काही महिने, कधी काही वर्षं. काही जणांच्या बाबतीत रिकामी जागाच नसते. रँडल 'टेक्स' कॉब २६ नोव्हेंबर १९८२ रोजी जगज्जेत्या लॅरी होम्सशी पंधरा फेऱ्या लढला आणि हरला, १९८७ मध्ये 'रेझिंग अॅरिझोना'मधला मोटरसायकलस्वार झाला, आणि नव्वदच्या दशकातही अधूनमधून रिंगणात उतरत राहिला. 'निवृत्तीनंतर' हा शब्द वापरण्यापूर्वी तपासा.

रिकामी जागा भरायला नगरसूची (शहरातल्या रहिवाशांची पत्ते आणि व्यवसायांसह छापील यादी), जनगणना, सैन्यभरतीची कार्डं बघा. अमेरिकी जनगणनेचे कागद ७२ वर्षांनी खुले होतात. १९५० ची २०२२ मध्ये खुली झाली. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिलंय ते महत्त्वाचं: मजूर, दारवान, व्यायामशाळा, की नट. दुसऱ्या महायुद्धाच्या भरतीच्या कार्डावर उंची आणि वजनही असतं, आणि मॅनेजरने जाहीर केलेली उंची त्यापुढे दोन-तीन इंच कमी होताना दिसते.

वय तपासायची जागाही हीच. बॉक्सर अठराचा व्हायच्या आत परवान्यासाठी वय वाढवतो, नट कामासाठी कमी करतो. त्यामुळे एकाच माणसाच्या दोन जन्मतारखा सापडतात, रिंगणातली आधीची आणि पडद्यावरची नंतरची. जन्मनोंद नसेल तर लहानपणीची जनगणना सगळ्यात विश्वासू, कारण तेव्हा खोटं बोलायला कुणाला कारण नव्हतं.

पैशाचे आकडे देताना थैलीची (लढतीसाठी बॉक्सरला मिळणारी) रक्कम म्हणजे कमाई नव्हे. मॅनेजरचा रिवाजाने एक तृतीयांश, त्यातून सरावाचा खर्च, प्रशिक्षक, प्रवास. चित्रपटात साप्ताहिक पगार गुणिले ५२ करू नका. स्टुडिओच्या ठरावीक करारात वर्षातून ४० आठवड्यांचीच हमी असे. करार नसलेल्या रोजच्या नटाला स्क्रीन अॅक्टर्स गिल्डच्या १९३७ च्या करारानुसार दिवसाला किमान २५ डॉलर मिळत, पण किती दिवस, हा प्रश्न राहतोच. दिवसांचा पुरावा नसेल तर दर द्या, बेरीज देऊ नका.

डोक्याला बसलेला मार

'पंच-ड्रंक' (ठोसे खाऊन माणूस कायमचा झिंगल्यासारखा होणं) या अवस्थेवर हॅरिसन मार्टलंडचा वैद्यकीय लेख १९२८ मध्ये आला. त्यानंतरच्या चित्रपटांत अडखळत बोलणारा, विसरभोळा माजी बॉक्सर हे ठरलेलं विनोदी पात्र झालं. १९३२ ते १९३४ लाइट हेवीवेट विजेता असलेल्या मॅक्सी रोझनब्लूमने तेच पात्र वर्षानुवर्षं केलं. पडद्यावरचं ते बोलणं ऐकून त्याच्या मेंदूबद्दल निष्कर्ष काढू नका, ते त्याचं काम होतं. निदान लिहायचं तर डॉक्टरी कागद किंवा कुटुंबाने जाहीरपणे सांगितलेलं हवं. फरक बघायचाच असेल तर त्याच काळातली रेडिओ मुलाखत ऐका, जिथे तो पात्र करत नाही. मात्र बहुतेक रेडिओ मुलाखतीही लिहून दिलेल्या असत, हेही ध्यानात ठेवा.

मराठीत उतरवताना

'पंच' हा शब्द टाळा. रेफरीलाही पंच आणि ठोशालाही पंच म्हणायला लागलात की तिसऱ्या वाक्यात वाचक हरवतो. 'रेफरी' आणि 'ठोसा' हे दोन शब्द धरा. 'नॉकआऊट' आणि 'तांत्रिक नॉकआऊट' वेगळे ठेवा. पहिल्यात दहा अंक मोजले जातात, दुसऱ्यात रेफरी किंवा कोपऱ्यातले लोक लढत थांबवतात. 'चरित्र अभिनेता' आणि 'चरित्र' हे दोन शब्द एका वाक्यात आणू नका, वाचायला अडखळतं.

वजन किलोत द्या पण पौंड कंसात ठेवा, कारण गटांच्या सीमा पौंडांत आखलेल्या आहेत. मिडलवेट १६० पौंड म्हणजे ७२.६ किलो, लाइट हेवीवेट १७५ म्हणजे ७९.४. १९३० साली १८५ पौंडांचा माणूस हेवीवेटच होता. आज तो क्रूझरवेटमध्ये पडेल. जुन्या बॉक्सरला आजच्या गटात ढकलू नका.

परकी नावं पहिल्यांदा येतील तेव्हा उच्चार तपासून लिहा आणि पुढे तेच ठेवा. 'बेअर' एका परिच्छेदात 'बायर' झाला की शोधणाऱ्याला दोन माणसं वाटतात.

मृत्यूची बातमी शोधताना एकाच अंकाची दोन पानं उघडा. क्रीडापानावर माजी बॉक्सर वारलेला असतो, करमणुकीच्या पानावर नट, आणि दोन बातम्यांत वय, लढतींचा आकडा, कधीकधी जन्मगावही वेगळं असतं. मृत्युदाखल्यावरच्या व्यवसायाच्या रकान्यात काय आहे ते बघा आणि माहिती देणाऱ्याचं नाव वाचा. दुसऱ्या लग्नाच्या पत्नीने किंवा भाच्याने दिलेली जन्मतारीख ही पुन्हा 'ग' दर्जाचीच ओळ.